दहा वर्षांनी उघडायची वाइन आणि नागपूरचा उन्हाळा

भारदस्त रेड वाइन ती कोवळी असतानाच प्यायली तर बहुतेकांना आवडत नाही, आणि त्यात पिणाऱ्याचं काही चुकत नाही. जीभ कोरडी पडते, हिरड्या आवळून येतात, गाल आतून खरखरीत लागतात. माझीही रेड वाइनशी ओळख बरीच वर्षं एवढीच होती. कुणाच्या रिसेप्शनला हातात ग्लास यायचा, दोन घोट घेऊन मी तो बाजूला ठेवायची. ज्या वाइनसाठी लोक पंधरा-वीस वर्षं थांबतात, तिच्यात थांबण्यासारखं काय असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते कळायला वेळ लागला, पण त्या शिकण्यात मला फार मोठं सुख मिळालं. आणि ते नागपुरात राहून, इथल्याच वासांवर आणि चवींवर शिकता आलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शिकवणारा माझा मावसभाऊ. दादा मूळचा नागपूरच्या महाल भागातला. इथल्या कृषी महाविद्यालयात शिकला, पुढे नाशिकला एका वायनरीच्या प्रयोगशाळेत लागला आणि तिकडचाच झाला. दिवाळीला, उन्हाळ्यात नागपूरला आला की धरमपेठेतल्या आमच्या घरी बैठक व्हायची. मी, माझा नवरा, वहिनी आणि शेजारचे डॉक्टर काका. बाटल्या मात्र दादा नाशिकहून आणत नसे. रेल्वेने या नाहीतर समृद्धीने, वाटेत वर्धा जिल्हा लागतो आणि तिथे दारूबंदी. तो फोनवर यादी द्यायचा, आम्ही इथल्या दुकानातून आणून ठेवायचो.

सुरुवात थर्मामीटरने झाली. रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यावी, असं सगळे सांगतात. ही खोली युरोपातल्या जुन्या दगडी घरातली, १६ ते १८ अंशांची. आमच्या हॉलमध्ये मार्चच्या संध्याकाळी ३१ होतं. दादाने एकाच बाटलीतून दोन ग्लास भरले, एक तसाच ठेवला आणि दुसरा फ्रीजमध्ये. अर्ध्या तासाने दोन्ही समोर आले. गरम ग्लासात नाक घातलं की आधी अल्कोहोलच चढत होतं, डोळ्यांपर्यंत जाणवत होतं. फळाचा वास शिजवल्यासारखा आणि चव सैल. गार झालेल्या ग्लासात तीच वाइन आवरून बसलेली होती. फळ वेगळं, मसाला वेगळा, तुरटपणा वेगळा कळत होता. मग त्याने ती आणखी गार केली, दहा अंशांच्या आसपास, तेव्हा वास जवळपास मिटला आणि तुरटपणा टोचायला लागला. ज्याला भारदस्त रेड वाइन समजून घ्यायची आहे त्याने नागपुरात आधी हा प्रयोग करावा, बाकी सगळं नंतर. अर्ध्या लोकांचा रेड वाइनबद्दलचा राग हा तीस अंशांवर प्यायलेल्या वाइनचा राग आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

रंगावर आम्ही फार वेळ घालवला नाही. पांढऱ्या चादरीवर ग्लास तिरका धरायचा आणि कडेचा रंग पाहायचा. तरुण वाइनची कड जांभळट असते, मग माणकासारखी लाल होते, वर्षं जातात तशी विटकरी आणि शेवटी तपकिरी. ग्लासच्या आतून ज्या धारा ओघळतात त्यांवरून वाइनची प्रत ठरवणारे बरेच भेटतात. त्या धारा अल्कोहोल आणि पाणी यांच्या पृष्ठताणातल्या फरकामुळे होतात. त्यांवरून अल्कोहोल किती आहे याचा अंदाज येतो, वाइन चांगली की वाईट हे कळत नाही.

खरा वेळ गेला तो वासात.

परदेशी पुस्तकांत काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाच्या वाइनला ब्लॅककरंटचा वास येतो असं लिहिलेलं असतं. ब्लॅककरंट मी फक्त आइस्क्रीममध्ये खाल्लेला. देवदाराचा वास, जंगलातल्या ओल्या जमिनीचा वास, चामड्याचा वास, अशी यादी वाचून मी अडायची. दादा म्हणाला, "पुस्तक काहून पाहून राहिली? चल इतवारीत." आणि आम्ही खरंच किराणा ओळीत गेलो. लवंग, मिरी, दालचिनी, जायफळ, तेजपान, बडीशेप, ज्येष्ठमध, खारीक, अंजीर, काळे मनुके, आलुबुखार असं थोडं थोडं घेतलं. एका टपरीवरून तंबाखूची सुकी पानं घेतली, खर्ऱ्याची पुडी नाही, नुसती पानं. एका चांभाराकडून चामड्याची कात्रण आणली. घरी प्रत्येक जिन्नस एकेका काचेच्या बाटलीत घातला, वर कागद गुंडाळला आणि डोळे मिटून ओळखायला बसलो. लवंग आणि दालचिनी यांत मी गडबडेन असं मला कधी वाटलं नसतं. नाकाला वास ओळखीचा असतो, पण समोर जिन्नस दिसत नसला की नाव सुचत नाही. हे नाव सुचणं सरावानेच येतं. महिनाभर मी रोज स्वयंपाकाच्या आधी दोन-तीन बाटल्या हुंगायची, आणि फोडणीतला तेजपानाचा वास मला तेव्हापासून वेगळा कळायला लागला.

या सरावाला शास्त्राचा आधार आहे हे कळल्यावर तर माझा उत्साह दुप्पट झाला. ओकच्या पिंपात ठेवलेल्या वाइनला लवंगेचा वास येतो तो कल्पनेतला नसतो. लवंगेतलं युजेनॉल ओकच्या लाकडातही असतं. व्हॅनिलाचंही तसंच. शिराझ या द्राक्षाच्या वाइनमध्ये जी मिरी जाणवते तिचं कारण रोटुंडोन नावाचं संयुग, तेच मिरीतही असतं, आणि ते ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं. त्याच अभ्यासात दिसलं की साधारण पाचात एका माणसाला रोटुंडोनचा वास येतच नाही. आमच्यात ते डॉक्टर काका निघाले. आम्ही सगळे शिराझच्या ग्लासात मिरी मिरी करत असायचो आणि काका शांतपणे म्हणायचे, "मला जांभूळ आणि लाकूड, बस." त्यांनी कधी खोटी मान डोलावली नाही. चव घेणाऱ्यात हाच पहिला गुण हवा, असं मी मानते.

काबर्नेत कधीकधी शिमला मिरचीचा हिरवा वास येतो. तो पायराझिन या गटातल्या संयुगांचा. द्राक्षं पिकताना आणि घडांवर ऊन पडताना ते कमी होत जातात. म्हणजे नुसत्या वासावरून घड किती पिकला होता याचा अंदाज करता येतो. फळाचे वास द्राक्षाकडून येतात, लवंग-व्हॅनिला-भाजल्याचे वास पिंपाकडून, आणि तंबाखू, चामडं, सुकं अंजीर, ओला पालापाचोळा, अळंबी हे वास बाटलीतल्या वर्षांकडून. हे तीन थर वेगळे करता यायला लागले त्या दिवशी मला वाटलं, आता आपण वाचायला शिकलो.

पण जुनी होण्याजोगी वाइन ओळखायची तर नाक पुरत नाही. दादा हे पुन्हा पुन्हा सांगायचा. वास छान असलेली वाइन पुढच्या वर्षी संपून गेलेली असू शकते. टिकायचं काम वेगळ्याच गोष्टी करतात आणि त्या तोंडात कळतात. त्यासाठी त्याने एक सकाळ आम्हाला वाइन दिलीच नाही. काळ्या चहाचे तीन कप ठेवले, एकात पूड दोन मिनिटं ठेवलेली, एकात पाच, एकात दहा. साखर नाही, दूध नाही. शेजारी पाण्याचा ग्लास, त्यात लिंबाचे थेंब. दहा मिनिटांच्या चहाने हिरड्या आवळल्या, जीभ टाळूला चिकटेल इतकी कोरडी पडली. लिंबाच्या पाण्याने उलट जबड्याच्या मागून लाळ सुटली. टॅनिन, म्हणजे चहात आणि द्राक्षाच्या साली-बियांत असणारं तुरट द्रव्य, लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, म्हणून तोंडातला ओलावा जातो. आंबटपणा लाळ बोलावतो. एकाच घोटात एक गोष्ट तोंड कोरडं करते आणि दुसरी ओलं करते, आणि दोन्ही एकमेकींना पुरून उरतात, तिथे टिकाऊ वाइनचा पाया असतो.

"आता टॅनिन किती हे नको सांगू," दादा म्हणायचा, "कसं आहे ते सांग नं. बारीक का जाडं? सगळ्या तोंडात पसरून राहिलं का फक्त समोरच्या हिरड्यांवर बसलं?" मला हा प्रश्न सुरुवातीला अवघड गेला. नंतर घोट तोंडात धरून, ओठ किंचित उघडून त्यातून हवा ओढायची, वाइन गालांकडे फिरवायची आणि पीकदाणीत टाकायची, असं करत राहिले तसा फरक दिसू लागला. कच्च्या बियांमधून आलेलं टॅनिन कडवट असतं, पुढच्या दातांवर खवखवत राहतं. नीट पिकलेल्या सालीतलं टॅनिन भरपूर असूनही मऊ लागतं, टाळूवर मखमलीचा हात फिरवावा तसं. पहिल्या प्रकारचं टॅनिन वर्षांनीही फारसं सुधारत नाही, दुसऱ्या प्रकारचं सुधारतं. थुंकून टाकायची लाज वाटू देऊ नये. संध्याकाळी सहा वाइन चाखायच्या आणि सहावीबद्दलही नीट बोलायचं, तर दुसरा मार्ग नाही.

घोट गेल्यावर मनात सेकंद मोजायचे, हीसुद्धा सवय तेव्हाच लागली. चव किती वेळ राहते ते पाहायचं. अल्कोहोलची जळजळ मोजायची नाही, फळ आणि मसाला किती वेळ टिकतात ते मोजायचं. साध्या वाइनमध्ये पाच-सात सेकंदांत सगळं ओसरतं. चांगल्या वाइनमध्ये वीस-पंचवीस जातात आणि तेवढ्यात चव बदलतेही, आधी फळ, मग लाकूड, मग पुन्हा मागून एक आंबूस फळ येतं.

या सगळ्याचा अर्थ मला पूर्ण लागला तो बारोलोच्या संध्याकाळी.

काकांची मुलगी इटलीहून येणार होती. कस्टमच्या नियमाप्रमाणे दोन लिटरपर्यंत आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या सहज. दादाने तिला एकाच उत्पादकाच्या दोन बाटल्या आणायला सांगितल्या, एक २०१०ची आणि एक २०१७ची. बारोलो उत्तर इटलीत पिएमॉन्त भागात होते, फक्त नेब्बिओलो या द्राक्षाची. तिथल्या नियमानुसार ती बाजारात येण्याआधी किमान ३८ महिने ठेवावी लागते, त्यातले १८ महिने लाकडात. रिझेर्वा असेल तर ६२ महिने. ही वाइन थांबण्यासाठीच करतात, असं म्हटलं तरी चालेल. २०१० हे तिथलं थंड, लांबलेल्या हंगामाचं नावाजलेलं वर्ष, २०१७ मात्र उष्ण आणि कोरडं.

जुनी बाटली प्रवासात आडवी होती, म्हणून दोन दिवस फ्रीजच्या शेजारच्या कपाटात, एसीच्या खोलीत, उभी ठेवली. साका तळाशी बसावा म्हणून. दादाने वरची पन्नी खालच्या कडेपर्यंत कापली, बुचावरची काळी बुरशी ओल्या फडक्याने पुसली. बूच मऊ झालं होतं. त्याने कॉर्कस्क्रू सरळ आत नेला आणि इतक्या सावकाश वर ओढलं की वहिनी श्वास धरून उभी होती. मग मोबाइलचा टॉर्च टेबलावर उजेड वर करून ठेवला, बाटलीची मान त्यावर आणली आणि एका धारेत डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, ओतायला सुरुवात केली. मानेतून लाल काच दिसत होती, स्वच्छ. बराच वेळ तशीच. मग बाटलीच्या खांद्याकडून एक काळसर रेघ हळूहळू सरकत आली आणि तो थांबला. तळाशी दोन बोटं वाइन राहिली, ती चहाच्या गाळणीने गाळली तर गाळणीवर जांभळट चिखलासारखा थर बसला. तो मी बोटावर घेऊन पाहिला. रंग आणि टॅनिन यांचे कण वर्षानुवर्षं एकमेकांना जोडले जाऊन जड होतात आणि खाली बसतात. बारा-तेरा वर्षांपूर्वी जे हिरड्या आवळत होतं त्यातलं काही आता माझ्या बोटावर होतं.

तरुण बाटलीचा ग्लास आधी आला. मी जाड, काळी वाइन गृहीत धरली होती. नेब्बिओलोचा रंग फिका असतो. ग्लासखाली ठेवलेला पेपर वाचता येत होता. वास चेरी, गुलाब, थोडी बडीशेप. तोंडात घेतली आणि दुसऱ्याच क्षणी सगळ्या बाजूंनी पकड बसली, वर, खाली, गालांना. इतकी फिकी वाइन इतकं धरू शकते हे कुणी सांगून पटलं नसतं. भारदस्तपणा रंगावर ठरत नाही हे मी तेव्हा शिकले आणि मग कधी विसरले नाही. आंबटपणाही जबर होता. काका म्हणाले, "ही अजून भांडून राहिली." दादा म्हणाला, "भांडू द्या काका, तिच्याकडे वेळ आहे."

जुनीला पहिली दहा मिनिटं वासच नव्हता, म्हणजे होता तो बंद कपाटाचा. दादाने ग्लासांना हात लावू दिला नाही. नंतर मात्र ती मिनिटामिनिटाला उघडत गेली. आधी सुकलेला गुलाब, पुस्तकात ठेवलेला. मग मे महिन्यात वर्धा रोडवर डांबर वितळतं तो वास, अगदी हलका. नेब्बिओलोबद्दल गुलाब आणि डांबर हे शब्द जगभर एकत्र वापरतात, ते मी वाचलेलं होतं, तरी ते असे खरोखर नाकाला येतील असं वाटलं नव्हतं. त्यानंतर तंबाखूचं पान, अंजीर, आणि एक वास जो मला कुठल्याच पुस्तकात सापडला नाही : वाळलेलं मोहफूल. वहिनी भंडाऱ्याची, तिला न सांगता ग्लास दिला तर तीही मोहफूलच म्हणाली. तोंडात टॅनिन तेवढंच वाटलं, पण आता ते वेगळं उभं नव्हतं. फळ, आंबटपणा, टॅनिन यांच्यामधली फट भरून निघाली होती. घोट गेल्यावर मी मोजत राहिले, चाळिसाच्या पुढे मोजणं सोडून दिलं.

दोन ग्लास शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा चाखताना मला थांबण्याचा अर्थ कळला. २०१७च्या ग्लासातली जी पकड मला अडवत होती, तिच्याच जोरावर २०१०ची इथवर आली होती. टॅनिन आणि आंबटपणा वाइनला ऑक्सिजनपासून सांभाळतात, आणि फळ संपायच्या आत टॅनिन स्वतः मऊ झालं पाहिजे. ज्या वाइनमध्ये फळ कमी आणि टॅनिन जास्त, ती थांबून नुसती कोरडी होते. म्हणून आता तरुण वाइन समोर आली की मी आवडली-नावडली हे बाजूला ठेवते आणि तिच्या जवळ शिल्लक काय आहे ते पाहते. मला या सगळ्या शिक्षणातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

हेही सांगायला हवं की बहुतेक रेड वाइन अशा नसतातच. बाजारातल्या बहुसंख्य बाटल्या दोन-चार वर्षांत प्याव्यात म्हणून केलेल्या असतात आणि त्यात कमीपणा काही नाही. महाग बाटली म्हणजे टिकणारी बाटली असंही नाही. पिंपाचा भरमसाठ व्हॅनिला लावून दाम वाढवलेल्या वाइन मी चाखल्या आहेत. लाकडाचा वास उडाला की खाली काहीच उरत नाही.

आता आपल्या उन्हाळ्याबद्दल. जुनी वाइन ठेवायला १२ ते १४ अंश तापमान हवं, त्यात चढउतार नको, उजेड नको, हवेत थोडा दमटपणा हवा म्हणजे बूच सुकत नाही. महालातल्या आमच्या जुन्या घराला तळघर आहे. मला वाटलं, जागा मिळाली. दादाने नवतपाच्या दिवसांत तिथे थर्मामीटर ठेवायला लावला. बाहेर ४५, तळघरात २९. बाहेरच्या मानाने गारवाच, पण वाइनसाठी भट्टी. याचं कारण दादाने समजावलं : जमिनीच्या आत खोलवर तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीच्या जवळ राहतं. फ्रान्समध्ये बोर्दोची सरासरी १३-१४ अंश, म्हणून तिथे नुसतं तळघर खणलं की काम झालं. नागपूरची सरासरी २७च्या आसपास. आपण कितीही खोल गेलो तरी बोर्दो हाती लागत नाही. कूलरने खोलीत दमटपणा येतो पण रात्री तो बंद केला की तापमान चढतं, आणि हे वरखाली होणं सर्वांत वाईट. बाटलीतली हवा प्रसरण पावते, आकसते, बुचाच्या कडेने आत-बाहेर होते.

शहरातल्या एका दुकानातून जूनमध्ये घेतलेली बाटली आम्ही उघडली तेव्हा बूच मानेच्या वर किंचित आलेलं होतं आणि पन्नीखाली चिकट ओघळ सुकलेला. वाइन चांगल्या नावाची होती. ग्लासात फक्त शिजलेल्या मनुक्याचा वास, आंबटपणा बसलेला, शेवट आखूड. ती उन्हाच्या बाजूच्या काचेत उभी ठेवलेली मी पाहिली होती. तेव्हापासून मी बाटली हातात घेते, बूच वर आलंय का ते अंगठ्याने चाचपते, मागच्या गार भागातली बाटली मागते, आणि मोठी खरेदी फक्त डिसेंबर-जानेवारीत करते. घरी मधल्या खोलीत, जिथे भिंतीला ऊन लागत नाही, तिथे एक छोटा वाइन फ्रीज घेतला, इन्व्हर्टरवर. नागपुरात दोन वर्षांपेक्षा जास्त काही ठेवायचं असेल तर याला पर्याय नाही असं मला वाटतं.

जेवणाचं म्हणाल तर सावजी रस्सा आणि ही वाइन यांची गाठ घालू नये. मला सावजी जीव की प्राण आहे, म्हणूनच म्हणते. तिखटाने अल्कोहोलची जळजळ वाढते, टॅनिन कडू लागतं, आणि रस्साही आपली चव हरवतो. याउलट कमी तिखट, सावकाश शिजवलेलं मटण, ज्यात चरबी आहे आणि मीठ नीट आहे, त्याच्याबरोबर तरुण काबर्नेसुद्धा शहाणी होते. टॅनिनला लाळेऐवजी मटणातली प्रथिनं मिळतात. शाकाहारी माणसाने जुनं चीज घ्यावं, किंवा वडाभात, वरून फोडणीचं तेल सढळ आणि लाल मिरची बेताची. वडाभात आणि सांजोवेजे या द्राक्षाची वाइन ही जोडी आमच्या घरी आता पक्की आहे.

सांजोवेजेवरून आठवलं. अकलूजच्या फ्रातेल्लीची सेत्ते ही सांजोवेजे आणि काबर्ने सोव्हिन्यों यांची वाइन, नंदी हिल्सच्या ग्रोव्हरची ला रिझर्व्ह ही काबर्ने आणि शिराझची, सुलाची रासा शिराझ, या आम्ही वेगवेगळ्या सालांच्या मिळतील तशा शेजारी ठेवून चाखल्या. त्यावरून आमच्यात जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही : आपली रेड वाइन खरंच जुनी होते का? दादा म्हणतो होते, आणि तो तिथे काम करतो म्हणून नाही, बागा पाहतो म्हणून म्हणतो. महाराष्ट्रात वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरल्यावर गोडी छाटणी. फळ हिवाळ्यात वाढतं आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी होते. रात्री थंड असतात त्याचा फायदा मिळतो, पण तोडणी लांबली तर दिवसाचं ऊन आंबटपणा झपाट्याने खाली आणतं. माझं म्हणणं, टॅनिन आणि फळ आपल्याकडे भरपूर आहे, कमी पडतो तो हा आंबटपणा. आम्ही चाखलेल्या चांगल्या बाटल्या सहा-सात वर्षं सुंदर वाढल्या, मऊ झाल्या, अंजीर आणि तंबाखू त्यांतही आले. त्यापुढे मात्र फळ आधी थकलं.

दादाला हे मान्य नाही. वेली अजून तरुण आहेत, बहुतेक बागा २०००च्या नंतरच्या, मुळं खोल जाऊ दे, तोडणी दहा दिवस अलीकडे आणायला लोक आता शिकून राहिले, असं तो म्हणतो. "तू आत्ताच निकाल काहून देऊन राहिली?" त्याच्या सांगण्यावरून एकाच काबर्नेच्या सहा बाटल्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आडव्या ठेवल्या आहेत आणि दर दोन वर्षांनी एक उघडायची असं ठरलं आहे. पहिली उघडली. काकांनी जांभूळ आणि लाकूड लिहिलं, वहिनीने लवंग आणि आलुबुखार. माझ्या वहीत आहे : कड जांभळट, टॅनिन भरपूर पण पिकलेलं, आंबटपणा मध्यम, शेवट अठरा सेकंद. दादाने शेजारी पेन्सिलीने आंबटपणापुढचा 'मध्यम' खोडून 'पुरेसा' लिहिला आहे. मी तो तसाच ठेवलेला नाही, खाली पुन्हा 'मध्यम' लिहिलं आहे.